मिस्टर प्रूएट माझ्यावर बसले

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी, तपकिरी आणि कोणी बसले की कुरकुरणारी. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या एका लहानशा गावच्या चर्चमध्ये माझे सारे आयुष्य गेले. माझ्या पाठीवर चर्चचे नाव पांढऱ्या रंगात छापलेले होते. आता त्यातली निम्मी अक्षरे उडाली आहेत, पण मी कोणाची आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा दाबला, नळ्या वाकवल्या, रंगाच्या फवाऱ्याखालून काढले आणि बहिणींबरोबर एकावर एक रचून ट्रकमध्ये घातले. चर्चमध्ये आल्यावर मात्र माझे दिवस मजेत गेले. लग्नाची जेवणे झाली, मयतानंतरची जेवणेही झाली. लोक माझ्यावर बसून हसले, रडले आणि त्यांनी बटाट्याचे सॅलड सांडले. ते पुसायची आठवण मात्र क्वचितच कोणाला झाली.

पुढे प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या आल्या आणि आमची रवानगी तळघरात झाली. तिथे पाण्याची नळी गळत होती. माझ्या पायांना गंज चढला, एका पायाचे रबरी बूच निघून गेले. कोणी ढुंकूनही पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मी सगळ्यांवर रुसले होते.

तिथून मला वर आणले लोरीन टॅकर यांनी. लोरीनबाईंची मुले शाळेत जात नव्हती, घरीच आईकडे शिकत होती. आमच्या भागात अशी बरीच कुटुंबे आहेत. आई-बाप हेच शिक्षक आणि स्वयंपाकघरातले टेबल हीच शाळा. दर वसंतात ही सारी मुले आमच्या चर्चमध्ये जमतात आणि वक्तृत्वाच्या व वादविवादाच्या स्पर्धा होतात. एरवी कोंबड्यांमागे धावणारी पोरे त्या दिवशी कोट-टाय घालून, केस चापून येतात आणि भिंतीकडे तोंड करून भाषणे घोकतात. नवख्या माणसाला वाटावे, सगळ्यांना एकदम वेड लागले.

लोरीनबाईंनी माझा गंज घासून काढला, सांध्यांना तेल दिले, नवे बूच बसवले आणि निळी उशी शिवून माझ्यावर बांधली. "परीक्षकाचं बूड सुखात असेल, तरच भाषण त्याच्या डोक्यात शिरतं," असे त्या आपल्या मुलीला सांगत होत्या. तेव्हापासून मी परीक्षकाची खुर्ची झाले.

या स्पर्धांना परीक्षक फार लागतात. मुलांचे आई-बाप ते काम करतात, पण आपल्या मुलाच्या खोलीत कोणी बसायचे नाही असा नियम आहे. मग माणसे कमी पडतात आणि लोरीनबाई गावात दिसेल त्याला पकडून आणतात. दातांचे डॉक्टर, शाळेच्या बसचे चालक, दवाखान्यातली नर्स, सारे माझ्यावर बसून गेले. त्यांना मिळते काय, तर दुपारचे जेवण. तेवढ्यावर ही माणसे सुटीचा अख्खा दिवस देतात, परक्यांच्या मुलांचे बोलणे कान देऊन ऐकतात आणि काय चांगले झाले, काय राहिले, ते स्वतःच्या हाताने लिहून देतात. मला त्यांचे फार कौतुक वाटते. एक आई तर मांडीवर तान्हे बाळ घेऊन बसली होती. बाळ झोपले, तिचा पाय बधिर झाला, पण समोरचा मुलगा बोलत होता म्हणून ती हलली नाही.

आता मिस्टर डेल्बर्ट प्रूएट यांच्याविषयी सांगते. जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली. मागच्या पानगळीत त्यांची बायको वारली आणि तेव्हापासून ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. लोरीनबाई पीच फळांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ घेऊन त्यांच्या दाराशी गेल्या. भाषणातले मला काही कळत नाही, असे म्हणून ते दार लावू लागले, तशा बाई म्हणाल्या, "मिस्टर डेल्बर्ट, तुम्ही जन्मभर नुसतं बोलून लोकांच्या गळ्यात म्हाताऱ्या गाई मारल्यात. तुम्हाला नाही कळणार, तर कोणाला कळणार?" ही हकिकत बाईंनी नंतर सगळ्यांना रंगवून सांगितली, म्हणून मला कळली.

मिस्टर प्रूएट आले, हॅट काढली आणि माझ्यावर बसले. पहिलाच मुलगा छान बोलला. शेवटी छाती पुढे काढून तो म्हणाला, "आता निर्णय तुमच्या हाती आहे, सर." त्याबरोबर प्रूएट यांनी मांडीवर थाप मारली आणि खड्या आवाजात पुकारले, "एकवार, दोनवार, तीनवार, विकलं!"

खोलीत हशा पिकला. आपण जिंकलो की हरलो हे त्या बिचाऱ्याला कळेना. प्रूएट कानापर्यंत लाल झाले. जेवणाच्या वेळी लोरीनबाईंनी त्यांना समजावले की परीक्षकाने बोलायचे नाही आणि मनातला निकाल चेहऱ्यावरही दिसू द्यायचा नाही. त्यानंतर त्यांचा चेहरा कुंपणाच्या खांबासारखा झाला.

दुपारी केझाया नावाची एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. तिचे हे शेवटचे वर्ष होते. अठरा पूर्ण झाल्यावर या स्पर्धेत उतरता येत नाही. इतक्या वर्षांत तिने अंतिम फेरी एकदाही गाठली नव्हती आणि त्या खोलीतून फक्त पहिल्या दोघांनाच पुढे जाता येणार होते. स्पर्धा होती श्रद्धेवरच्या प्रश्नांची. चिठ्ठी उचलायची, जो प्रश्न निघेल त्यावर थोडा विचार करायचा आणि बोलायचे. उत्तरांची टिपणे जवळ ठेवायला परवानगी असते. केझायाने हिवाळाभर खपून अशा टिपणांचा खोकाच भरला होता.

तिच्या चिठ्ठीत निघाले, 'देव चांगला आहे, तर तो माणसांना दुःख का देतो?' तिने खोक्यातून नेमके टिपण काढले आणि सुरुवात केली, "याची तीन कारणं सांगता येतात. पहिलं कारण..."

प्रूएट यांच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली. चेहरा हलला नाही, पण त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसत राहिले. केझायाने ते पाहिले आणि तिचे शब्द थांबले. तिने टिपण खाली ठेवले.

"सर, माझी तीन कारणं तयार आहेत," ती म्हणाली. "पण तुमच्यासमोर ती वाचून दाखवायची मला लाज वाटते. मला क्षमा करा."

एवढे बोलून ती जागेवर जाऊन बसली. मागे बसलेल्या आया डोळे पुसू लागल्या. फेरी संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्या मुलांनी परीक्षकांशी हात मिळवून आभार मानले. केझायानेही मानले. आता पहिला नंबर हिचाच, असे बाहेर जाताना जो तो म्हणत होता.

खोलीत प्रूएट एकटे उरले. लिहिताना पुटपुटायची त्यांना सवय होती. त्यांनी लिहिले आणि खोडले, पुन्हा लिहिले आणि पुन्हा खोडले. निकाल न्यायला आलेल्या लोरीनबाई पाहतच राहिल्या. तुमच्या मनाला जिचे बोलणे भिडले तिला वर घ्या, तसा तुम्हाला अधिकार आहे, असे त्यांनी हळूच सुचवले.

"लोरीन, समोर असेल त्याचीच बोली लावायची असते," प्रूएट म्हणाले. "पोरीचं काळीज सोन्याचं आहे. पण मी आज काळीज जोखायला बसलो नाही. बाकीची पोरं प्रश्नाला भिडली. त्यांनी काय घोडं मारलंय?"

आणि त्यांनी पुटपुटत शेरा पुरा केला. 'प्रश्न मोठा होता. मला उत्तर हवे होते. ते मिळाले नाही.'

केझायाचा नंबर शेवटून दुसरा आला. निकाल बाहेर लागला तेव्हा बोळात कुजबुज सुरू झाली. म्हातारा दगडाच्या काळजाचा आहे, असे कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. प्रूएट यांनी ते ऐकले आणि मान खाली घालून माझ्यावर बसून राहिले. मित्रांनो, त्या बसण्याचे ओझे मला अजून आठवते. खरे वागूनही माणूस इतका एकटा पडतो, हे मला त्या दिवशी कळले.

बक्षिसे वाटून झाली. मुलांना आपापले शेरे मिळाले. माणसे पांगू लागली. प्रूएट हॅट घेऊन उठले, तेवढ्यात दारात केझाया आली. तिच्या एका हातात त्यांचा शेरा होता आणि बगलेत खोका.

"राग आलाय?" त्यांनी विचारले.

"निकाल पाहिला तेव्हा आला होता, सर. रडलेसुद्धा. पण तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. तुम्हाला उत्तर हवं होतं आणि मी खाली बसले." ती जरा अडखळली. "आता देऊ?"

प्रूएट यांनी तिच्याकडे पाहिले. मग ते पुन्हा माझ्यावर बसले. "दे. आता मी परीक्षक नाही."

केझायाने माझी एक बहीण ओढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसली. खोका तिने उघडला नाही.

"आधी सांगा सर, कोण गेलं?"

"माझी बायको. ओपल."

"कशा होत्या त्या?"

त्यांनी हॅट मांडीवर ठेवली. मग म्हणाले, ओपल दर लिलावाला पहिल्या रांगेत बसायची आणि मी फार भरभर पुकारायला लागलो की खोकायची. ते सांगताना त्यांना हसू आले. मग आणखी काही आठवले, मग आणखी. पानगळीपासून साठलेले सगळे बाहेर येऊ लागले. त्यांना थांबायची खूण करणारे तिथे कोणी नव्हते. केझाया हनुवटीखाली हात धरून ऐकत होती.

लोरीनबाई आवराआवर करत आल्या. दारातून त्यांनी आम्हाला पाहिले आणि आवाज न करता मागे फिरल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या खुर्च्यांना वेळच्या वेळी पुसा, वर्षाकाठी थेंबभर तेल द्या आणि ओलीत टाकू नका. कधी परीक्षकाच्या खुर्चीवर बसायची पाळी आली, तर प्रूएट यांच्यासारखे बसा. आणि कार्यक्रम संपला म्हणून खुर्च्या आवरायची घाई करू नका. आधी खोलीत डोकावून पाहा. कोणाचे तरी बोलणे नुकते कुठे सुरू झालेले असते.