परातीला चिकटलेली शेपटी

"धर की. एवढंसं तर धरायचंय."

मी खिडकीशी मेथी निवडत बसले होते, गॅलरीतून पुटपुटणं आलं. आमचे हे स्वतःच्याच डाव्या हाताशी भांडत होते.

फेब्रुवारीत ह्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा पंजा मात्र कप धरतो तो शेजारणीचा असल्यासारखा. मोटरसायकलचा क्लच नेमका त्याच हातात. गाडी पुन्हा चालवता येईल का, यावर डॉक्टर "बघू" म्हणाले. तेव्हापासून जुईनगरच्या या तळमजल्यावर हे, मी आणि लेक उत्कर्षा, तिघंही बघतोच आहोत.

गाडीही साधी नव्हे. इंजिन कुठलंसं जुनं, वरचं सगळं फायबरचं अंग ह्यांनी घरी बनवलेलं. बैठक एकाच माणसाची, मागं उतरती शेपटी. कुठं लग्नाला निघालो की म्हणायचे, तू रिक्षानं ये, मी पुढं होतो.

तीच शेपटी ह्यांनी एप्रिलमध्ये करवतीनं कापली. आमच्या उत्कर्षानं धरली, ह्यांनी उजव्या हातानं कापली. मला वाटलं रागानं. लेकीला वाटलं, पप्पांना हुरूप आला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, बदलायचीय. वरच्या मजल्यावरच्या बाळाबाई फायबर जोडायच्या रेझिनच्या वासाची तक्रार घेऊन आल्या आणि जाता जाता, गाडी कधी काढताय म्हणून विचारून गेल्या. आम्ही तिघांनी तीन दिशांना पाहिलं.

मग माझी ॲल्युमिनियमची मोठी परात फळीवरून उतरली. तिच्या पोटाचा बाक ह्यांना हवा होता. उपडी घालून तिच्यावर फायबर चढवायचं, सुकलं की सोडवायचं. मला हे कोणी सांगितलं नाही. मला सकाळी मोरीपाशी एक ओशट परात दिसली. मी ती पावडरनं घासून लख्ख केली आणि होती तशी उपडी ठेवली.

संध्याकाळी बापलेकींनी काचेच्या धाग्याची चटई रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवले. दुसऱ्या दिवशी फायबर सुटेना. गरम पाणी ओतलं, पटाशी घातली, उत्कर्षानं हातोडी चालवली.

"फायबर सुटावं म्हणून परातीला मेणाचे तीन हात दिले होते मी," हे म्हणाले.

मेण होय ते, असं मी म्हटलं आणि घासल्याचं सांगून टाकलं. पूर्वी एवढ्यावर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला ते हसणं कळेना. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

चिकटलेलं फोडून काढलं, परातीला पुन्हा मेण लागलं आणि चुकीची भरपाई म्हणून पुढचं रेझिन मी कालवलं. ते घट्ट करणारा हार्डनर थेंबांनी मोजायचा, फेटायचं नाही, डबा गरम व्हायला लागला की हात चालवायचा. काचेची कुसळं टोचून दोन दिवस अंग खाजलं. पण नवी शेपटी जमली. लांब, सपाट, शेवटी परातीच्या बाकाची उंच पाठ. एवढी पाठ कोणासाठी, ते काही लक्षात येईना. हळूच वाटून गेलं, माझ्यासाठी असेल. बावीस वर्षांनी का होईना.

रविवारी ती गाडीवर बसवली आणि मापासाठी मला हाक आली. मी हात धुऊन, पदर खोचून मागच्या जागेवर चढायला गेले.

"मागं नाही. पुढं बस."

बसले. माझे पाय जमिनीला टेकेनात. ह्यांनी खडूनं खूण केली, बैठक दोन इंच खाली घ्यावी लागेल म्हणून लेकीला सांगितलं. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, अहो, मला बिनगिअरची स्कूटर येते, तीही भाजी मार्केटपर्यंत. माझं माप कशाला घेताय?

उत्तर द्यायचं सोडून हे लेकीचा खांदा धरून माझ्या मागं चढले. सावकाश, आधी एक पाय, मग दम खाऊन दुसरा. त्या उंच पाठीला टेकले. बरोबर बसली.

मी समोरच्या आरशात बघत राहिले. आरशात सोसायटीचं गेट होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तुम्ही चालवायला लागलात की मग ही परत उंच करायची ना?"

"मी आता नाही चालवणार, शर्मिला," हे माझ्या मानेशी म्हणाले. "हात परत येत नाही."