ओट्यावरची चीर

विहिरीच्या ओट्याला उगवतीच्या बाजूने एक चीर होती. करंगळी जाईल एवढी रुंद, टीचभर लांब. धुण्याच्या दगडावर घागर उपडी केली की निम्मं पाणी नालीने बाहेर जाई. उरलेलं त्या चिरेपाशी जरा घुटमळे आणि आत उतरे. त्याला किती वेळ लागतो हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. गोजरबाईने आज मोजून पाहिलं. वीस आकडे. दुसऱ्यांदाही वीस. तिसऱ्यांदा एकोणीस.

"अवं गोजर, पानी भरून राह्यली का इहीर निरखून राह्यली?" मागून झुंबरबाईचा आवाज आला. "सात रांजण भराचे हायेत. पंगत काय उद्या बसनार हाये?"

गोजरबाईने बादली सोडली. वैशाख सरत आला होता आणि पाणी खोल गेलं होतं. दोर संपत आला तेव्हा कुठे बादली टेकल्याचा आवाज झाला.

ही चीर सगळ्या बायकांना माहीत होती. दिवाळीच्या आधी गोजरबाईने नवं लाल लुगडं याच दगडावर धुतलं, त्याचा रंग सुटला आणि दुसऱ्या दिवशी बादलीतून फिकट गुलाबी पाणी वर आलं. "इहिरीले पाळी आली वं!" असं झुंबरबाई ओरडली आणि ओटाभर बायका हसल्या होत्या. गोजरबाईही हसली होती. मग चार दिवसांनी पाणी निवळलं आणि सगळ्या विसरल्या.

ती आठ दिवसांपूर्वीपर्यंत विसरली होती.

सोमवारी तिचा नवरा कडूबा खामगावच्या बाजारातून आला. मंगळवारी गाव बांधायचं होतं. पलीकडच्या गावात पटकीची मरी आली होती, म्हणून भगताने शिवेवरून दुधाची धार धरली. दिवस मावळेपर्यंत कोणी शीव ओलांडायची नाही, चूल पेटवायची नाही. सगळं गाव मरीआईच्या ठाण्यापाशी असताना इकडे कडूबाला जुलाब सुरू झाले. भाताच्या पेजेसारखे, थांबेचनात. दोन धोतरं भरली. नदी शिवेपलीकडे होती. गोजरबाईने शीव ओलांडली नाही. सुनसान ओट्यावर बसून तिने दोन्ही धोतरं धुतली, पाणी चिरेत उतरताना पाहिलं आणि लोकांना सांगितलं, यांना ऊन लागलं.

कडूबा वाचला. बुधवारी पहाटे पहिली बादली तुळशीरामने काढली. त्याचं घर विहिरीला लागून, आणि तो रोज ओट्यावरच ओंजळीने पाणी पीत असे. गुरुवारी तो पडला आणि शुक्रवारी गेला. रविवारी त्याची सून गेली. भगत म्हणाला, कोणीतरी शीव ओलांडली. भगवानराव पाटलांनी मलकापूरच्या कचेरीत वर्दी दिली नाही. साहेब येईल आणि बाजार बंद करील, ही धास्ती. त्याऐवजी आज सकाळी मरीआईचा गाडा शिवेपार नेला आणि संध्याकाळी साऱ्या गावाची पंगत धरली.

बादली वर आली. पाणी नितळ होतं. धोतराला रंग नसतो.

"एक इचारू?" झुंबरबाई घागर भरता भरता म्हणाली. "तू आठ दिवसापासून उकंडरावच्या मळ्यातून पानी नेऊन राह्यली. आमच्या इहिरीचं गोड नाही लागत का तुले आता?"

गोजरबाईने बादली घागरीत ओतली. "यायले पचत नाही हे पानी," ती म्हणाली.

"मोठा नाजूक झाला वं कडूबा!"

घरी कडूबा भिंतीला टेकून बसला होता. तिने रिकामी घागर खाली ठेवली.

"आज सांगतो मी," ती म्हणाली.

"काय सांगशीन? ऊन लागलं होतं मले."

"उनानं धोतर तसं होत नाही."

"हळू बोल!" त्याने दाराकडे पाहिलं. "दोन मढे पडले गावात. तू तोंड उघडलं का दोन्ही आपल्या दारात येतीन. कोनी आपल्या हातचं पानी घेईन का मंग? आपल्या लेकीले, सत्यभामेले, तिचा सासरा पोरासकट इथं आनून टाकीन. तुले चालते?"

तिला ते चालणार नव्हतं. गुरुवारीही चाललं नव्हतं आणि रविवारीही. ती उठली आणि कोपऱ्यातल्या माठातून मळ्याच्या पाण्याचा एक पेला प्यायली. पिताना तिला स्वतःच्या घोटांचा आवाज ऐकू आला.

दिवस कलला तशी मारुतीच्या पारापुढे पंगत बसली. दोनशेवर पानं. राखेत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. रोडगा कोरडा, घासागणिक पाणी लागतं. पाणी वाढायचं काम गोजरबाईच्या आळीकडे होतं. झुंबरबाईने तिच्या हातात भरलेला लोटा दिला. "दुखवट्याच्या घरी आधी."

ती गावाची रीत होती. मेलेल्याच्या घरच्याचं तोंड ओलं झाल्याशिवाय पंगत पाण्याला हात लावत नसे. तुळशीरामची बायको सुभद्राबाई पहिल्या पानावर बसली होती. आठवड्यात नवरा आणि सून गेलेली. डोळे कोरडे.

गोजरबाई तिच्यापुढे वाकली. पलीकडच्या रांगेतून कडूबा पाहत होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी.

सुभद्राबाईने लोटा घेतला. "तूच आनलं, पोरी," ती म्हणाली. "बरं झालं." तिने लोटा वर उचलला.

सगळी पंगत त्या लोट्याकडे पाहत होती. गोजरबाईने हात पुढे केला आणि लोट्याच्या तोंडावर तळवा ठेवला. पाणी दोघींच्या मनगटांवरून सांडलं.

"काय करतं वं!" झुंबरबाई ओरडली.

"बस खाली, गोजर!" कडूबा उभा राहिला होता.

"काकू, पिऊ नोका," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला, पारापर्यंत गेला. "कोनीच पिऊ नोका हे पानी. शीव कोनी ओलांडली नाही. मरी आमच्या घरात होती, आन् मंगळवारी यायची धोतरं म्या आपल्या इहिरीवर धुतली."