कोपरा फाटलेलं कार्ड

"आत नगं, भाईरच ऱ्हाऊ दे," म्हणत पोस्टमन ईरप्पा मायाक्काच्या उंबऱ्याबाहेरच थांबला. दोन बोटांच्या चिमटीत कार्ड, आणि कार्डाचा एक कोपरा फाटलेला.

असं कार्ड म्हणजे माणूस गेलं; मंद्रूपमध्ये हे न शिकलेल्यालाही कळतं. मायाक्काचा येडू फौजेत, बंगालच्या सीमेवर. तिनं कार्ड पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. शेजारच्या राजाबाईनं गळा काढला. मी बाळाला कडेवर घेऊन धावत पोचले, तोवर पाच बायका रडत होत्या.

"वाचा की, बाई," ईरप्पा म्हणाला. मी शाळामास्तरांची बायको, बी.ए. झालेली, गल्लीची पत्रं माझ्याचकडे येत. मी कार्ड घेतलं, तर बाळ ते तोंडात घालू पाहत होतं.

"'तीर्थरूप आईस येडूचा साष्टांग नमस्कार…'"

"अगं बया, शेवटचा नमस्कार घातला गं लेकरानं!" राजाबाईचा सूर चढला.

"अहो, हे येडूनंच लिहिलंय!"

"जायच्या आदी लिवलं आसंल की!"

तेच माझ्याही मनात होतं. मी भराभर वाचत सुटले. येडूनं एकेका मेंढीची चौकशी केली होती. शिंगमोडी व्याली का? बापू मेंढ्याचा खोकला गेला का? राजाबाईची कोंबडी अजून आपलं परडं उकरते का?

राजाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "माज्या कोंबडीचं काय त्येला तितं?"

आणि तळाला, बारीक अक्षरात: 'तंबाखूला चुना काढायला कोपरा फाडला. मग ध्यानात आलं. दुसरं कार्ड नाही. रडू नका.'

मायाक्का ताडकन उठली. "तितं त्या दोन पाकिस्तानांच्या भावकीत तलवारी निघाल्यात, आन् ह्यो तंबाकू मळतुया! मुडदा बशिव…" तिनं पटकन जीभ चावली.

तेवढ्यात राजाबाईची सून भाकरी-पिठलं झाकून घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून.

"माघारी ने," मायाक्का म्हणाली. "माजी चूल पेटणार हाय. धूर दिसू दे गल्लीला."

बायका पांगल्या. मायाक्कानं चुलीत गोवऱ्या रचल्या. पीठ मळलेलं नव्हतं, तवाही चढवला नव्हता. मी बाळाला घेऊन जवळ बसले.

"बाई, कवा लिवलंय त्येनं?"

तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर. लढाई सुरू झाली तीन डिसेंबरला. हे पेपरात वाचलेलं तिला सांगणारी मीच. खोटं बोलावंसं वाटलं, जमलं नाही.

"अकरा दिवस झाले."

ती फुंकणीनं फुंकत राहिली. धूर डोळ्यांत गेला, पण तिनं डोळे पुसले नाहीत.

"अकरा म्हंजी लई न्हाईत की?"

"नाहीत," मी म्हणाले.

तिनं बिनतव्याच्या चुलीत आणखी एक गोवरी सारली.