काळूरामचे ठोकळे

लोधिवलीत काळूरामचे ठोकळे सगळ्यांना माहीत. कारखान्यात टिपरचा हौदा त्याच्या अंगावर बसला तेव्हा खाली टेकू नव्हता, त्यात कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्याच्या अंगणात सायकलचं पंक्चर काढायचं म्हटलं तरी आधी सागाचे ठोकळे येणार. लोक हसायचे. हसेनात का, चाकांच्या खुर्चीतला काळूराम ठोकळ्यांबिगर कोणाला गाडीखाली हात घालू द्यायचा नाही.

आज मात्र हसायला कोणाला सवड नव्हती. मोहोपाड्याला स्नेहलच्या लेकीचं बारसं होतं आणि ती फोनवर बजावून बसली होती, "बाबा आल्याबिगर नाव ठेवनार नाय." काळूरामने नातीला अजून हातात घेतलं नव्हतं. रिक्षातून जावं तर चौघांनी उचलायचं. स्नेहलच्या लग्नात असंच खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं होतं, त्या फोटोत तो भाताच्या गोणीसारखा दिसतो. पुन्हा तसं नाही म्हणजे नाही. म्हणून तर लेकाने, प्रबुद्धने, एका बंगलेवाल्याची जुनी परदेशी व्हॅन घेतली होती. दांडा फिरवला की ती मागून खाली बसते, खुर्ची सरळ आत जाते, मग तेलाच्या जोरावर गाडी वर उठते.

आता ती उठतच नव्हती. प्रबुद्ध साजगावला टिपर दुरुस्त करतो, हात चांगला आहे, पण उत्साह नको तितका. तेल काळं पडलंय म्हणून त्याने काल सगळं बदललं आणि गाडी मागून टायरांवर बसली ती बसलीच. जॅकने उचलून त्याने चेसिसखाली ठोकळे उभे केले, चाकं लोंबती ठेवली, इंजिन चालू केलं. पंप जरा घरघरला आणि गप्प झाला. ठोकळे काढले की पुन्हा बसकण. सकाळपासून हेच चाललं होतं.

"नवं तेलच बोगस दिसतंय," प्रबुद्ध म्हणाला.

"तेलाच्या नावानं नको रडू. पंप आपला आपन थांबतोय, पोट भरल्यावानी." काळूरामने लोंबती चाकं पाहिली आणि त्याच्या ध्यानात आलं. "गाडी ठोकळ्यांनी धरलीय रं. तिला वाटतंय, आपन उठलोच हाय. मंग पंप कशाला चालंल? तेल बदलताना आत शिरलेली हवा तशीच."

प्रबुद्ध चकित झालेला दिसला नाही. त्याला हे मघाशीच कळलं होतं.

"मंग बोलला का नाय?"

"हवा सोडायचा नट चाकाच्या मागं हाय, बाबा. ठोकळे काढून खाली हात घालाया लागंल. तुमच्यासमोर कसं सांगू?"

एवढा मोठा लेक आपल्याला घाबरतो असं काळूरामला वाटायचं. तो घाबरत नव्हता, सांभाळत होता.

"ऱ्हाऊ द्या," ठकूबाई नवऱ्याला म्हणाली. "नातीला हितं आनतील."

काळूरामने खुर्ची चाकाजवळ नेली. मग म्हणाला, "ठोकळा उभा नको. आडवा टाक. गाडीला लागू देऊ नको. पडलीच तर झेलंल, एवढ्यापुरता."

प्रबुद्धने ठोकळे आडवे सारले. गाडी स्वतःच्या चाकांवर बसली, गाडी आणि ठोकळ्यांमध्ये दोन बोटांची फट राहिली. ठकूबाई दांड्याशी बसली. प्रबुद्धने नट सैल करायला हात आत घातला तेव्हा काळूरामने डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण मिटवेनात. ठकूबाईने इंजिन चालू केलं. पंप सुरू झाला आणि या वेळी थांबला नाही. नटातून फेस आला, थुंकल्यासारखं तेल उडालं, मग स्वच्छ धार लागली. प्रबुद्धने नट आवळला, हात बाहेर काढला, आणि गाडी हळूहळू मागून उठली.

"दाव," काळूराम म्हणाला. लेकाचा तेलकट हात त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि किती तरी वेळ सोडला नाही. प्रबुद्धनेही सोडवून घेतला नाही.

मोहोपाड्याला स्नेहलने पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली. "बाबा, घट्ट धरा."

"घट्ट कशाला?" काळूराम म्हणाला. "खाली हात हाय ना माझा."