पाणपिसूचा ठोका

तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाला ब्रेकचं कौतुक सांगू नये, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी रोज घ्या, छातीचे ठोके जरा कमी होतील," आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. कमी होता होता थांबलंच तर? पण हे बायकोला सांगायची हिंमत कोणाला! रोज सकाळी ती त्यांच्या हातावर गोळी ठेवायची, ते तोंडात टाकल्यासारखं करायचे, वर घोटभर पाणी प्यायचे आणि गोळी गुपचूप हत्यारांच्या पिशवीत टाकायचे.

आठव्या दिवशी, रविवारी, बायको त्या पिशवीत पाना शोधायला गेली आणि आठच्या आठ गोळ्या तिच्या हाताला लागल्या. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "चपला घाला," एवढंच म्हणाली आणि त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. वाटेत त्यांनी ठोके थांबायची भीती एकदाची कबूल केली.

तिथे ती पाणपिसवांचे ठोके मोजायची. माणसं औषधं घेतात, ती शेवटी वाहत वाहत नदीनाल्यात जातात. तिथल्या इवल्याशा जिवांचं त्याने काय होतं, ते बघायचं काम. पाणपिसू टाचणीच्या डोक्याएवढी, पण अंगाने आरपार. भिंगाखाली तिचं काळीज पाठीशी फडफडताना चक्क दिसतं. ते तोंडाने मोजू म्हणाल तर जीभ अडखळेल. म्हणून डोळा भिंगाला लावायचा, दर ठोक्याला कागदावर पेनाने टिंब मारायचं आणि टिंबं मागाहून मोजायची.

"बघा," ती म्हणाली.

त्यांनी वाकून पाहिलं. "अरेच्चा! ही तर धापा टाकतेय!"

"ती तशीच असते. आता तुमचीच गोळी देते हिला. ठोके कमी होतील आणि बाईसाहेब मजेत पोहत राहतील. मग तरी पटेल ना?"

"बघू," ते म्हणाले. हट्टी माणूस, दुसरं काय म्हणणार?

तिने गोळी कुटली, पाण्यात विरघळवली, थेंब सोडला आणि भिंगाला डोळा लावला. पेन कागदावर टकटकू लागलं. ते शेजारच्या स्टुलावर बसून पेनाकडे बघत होते. टकटक मंदावली. आणखी मंदावली. मग पेन कागदाच्या वर नुसतंच थांबलं.

"काय झालं?"

"अगं बाई! औषध पातळ करायचं राहिलं!"

एवढ्या वर्षांत शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून सांगितलेली गोष्ट, आणि आज ती स्वतःच विसरली होती. रागात होती, आणि आतून घाबरलेलीही होतीच. तिने ड्रॉपरने ते पाणी ओढून काढलं, ताजं घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. परत भिंगाला डोळा लावून तिने पेन उचललं.

"दे ना गं," ती पुटपुटली. "एक तरी ठोका दे."

पेन हललं नाही. त्यांना खरं तर म्हणता आलं असतं, बघ, मी सांगत नव्हतो? चांगलं जिभेवर आलं होतं. पण त्यांची नजर बायकोकडे गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. भिंगाला न लावलेल्या डोळ्यातून पाणी गालावर उतरलं होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पेन खाली आलं. एक टिंब. मग काही नाही. मग दुसरं, तिसरं.

तिने डोळे पुसले आणि पेन ठेवलं. "वाचली. पण आता तुम्ही जन्मात गोळी घेणार नाही. मीच उलटं दाखवून बसले."

"आण ती गोळी."

"काय?"

"पिसवेचं राहू दे. इतके दिवस मी नुसता माझ्या छातीवर लक्ष ठेवून होतो गं. तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं."

तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि हाताशी होतं ते पाण्याचं भांडं उचललं.

"अहो, ते नको!" ती किंचाळली. "त्यात पिसवा आहेत!"

मग तिने आपल्या बाटलीचं झाकण उघडून दिलं आणि गोळी गिळून होईपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली.