काटा तोच आहे

मित्रांनो, मल्हारगंजच्या छोट्या इस्पितळातून निघालेल्या मोटारीत आठ खाटा, दोन टेबलं, एक दिवा आणि मी, असे आम्ही बारा जण होतो. मी तिथला जुना वजनकाटा. अंग लोखंडी, दांडी पितळी, आणि कधी खोटं न बोलल्याचा भारी अभिमान.

नवं मध्यप्रदेश राज्य झालं, तेव्हा वर कुठेतरी ठरलं की कॅन्सरची ऑपरेशनं आता एकाच मोठ्या इस्पितळात होतील. एक साहेब येऊन सगळ्यांना विचारून गेले, तुम्हाला काय हवं? यशोधरा सिस्टर म्हणाल्या, "क्वार्टर द्या. सासूबाई अंथरुणावर आहेत, रोज इतक्या लांब कशी येऊ?" सिमरोलच्या जनाबाई गालातली गाठ पदरानं झाकत म्हणाल्या, "दूर असलं तरी चालेल भिया, पण डॉक्टरचा हात पक्का पाहिजे."

क्वार्टर मिळालं नाही. सिस्टर मागेच राहिल्या.

मल्हारगंजात बायका पायांतल्या चांदीच्या कड्यांसकट माझ्यावर चढत. नवरा जिवंत असेतो कडी उतरवायची नाहीत, अशी रीत. कागदावर आकडा तसाच जाई. कड्यांचं सिस्टर डॉक्टरांना तोंडी सांगत. जनाबाई एक्याऐंशी पौंड भरल्या होत्या.

नव्या जागी दागिने फाटकावरच जमा करायचे होते. जनाबाईंची मुलगी कमल म्हणाली, "काढ ना आई! जान प्यारी की कडी?" जनाबाईंनी डोळे मिटून पाय पुढे केले.

मग त्या माझ्यावर चढल्या. एकोणऐंशी.

"आठवड्यात दोन पौंड?" इथले डॉक्टर लक्ष्मीकांत मल्हारगंजचा कागद बघत म्हणाले. "रोग आत पसरलाय. आता चाकू लावण्यात अर्थ नाही."

"साहेब, काटाच बिगडला असेल!"

"काटा तोच आहे बाई, मल्हारगंजचा. एकदम पक्का. आईला घरी न्या, सेवा करा."

माझी इतकी स्तुती आजवर कोणी केली नव्हती. कड्यांची आठवण देणाऱ्या सिस्टर मल्हारगंजात होत्या. दागिन्यांची खिडकी तोवर बंद झाली होती, म्हणून मायलेकी तशाच परतल्या.

पुढे कमल एकटीच आली, आईची कडी न्यायला.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या. पण आकडा वाचण्याआधी माझ्यावर काय काय चढलंय, तेवढं बघत जा.

कारकुनानं कडी सोपवण्याआधी माझ्यावर ठेवली. दांडी हलली, स्थिरावली.

दोन पौंड.