नेच्यांत बुडालेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. निदान मला तरी तसे वाटते. वेल्समधल्या एका उघड्याबोडक्या डोंगरमाथ्यावर मातीचा गोल बांध, भोवती बुजत आलेला खंदक आणि काही निखळलेले दगड, एवढीच माझी इस्टेट. माझ्याही बाहेरून तीन मोठे तट गेले आहेत, पण ते माझे नव्हेत. ते आमच्या थोरल्याचे, माझ्याआधीच्या किल्ल्याचे. मी जन्मलो तेव्हाच तो हजारावर वर्षांचा म्हातारा होता. इथल्या एका सरदाराला आयते तट मिळाले, म्हणून त्याने थोरल्याच्या कुशीत मला बांधले. माणसांनी टोपल्यांतून माती वाहिली, वर लाकडी बुरूज उभा राहिला. पुढे एका लढाईत तो जळाला. सरदार गेला आणि त्याचे नावही गेले.

खूप वर्षांनी विद्वान आले. त्यांनी टेप लावून मापे घेतली, माझ्याच अंगावर बसून डबे खाल्ले आणि माझ्याविषयी लिहिले, 'मध्ययुगीन कोट असण्याची शक्यता.' थोरल्याला मान आणि मला नुसती शक्यता! मला फार वाईट वाटले. पण मातीच्या ढिगाचे रुसणे कोण मनावर घेतो?

मला खरी माया लावली ती खालच्या शेतावरच्या मॉस्टिन आणि एलुनेड या नवराबायकोने. ती दोघे मला 'वाटी' म्हणत. त्यांच्या मेंढ्या माझ्यावर चरत. डोंगराला कुंपण नव्हते आणि लागतही नव्हते. मेंढी आपल्या कोकराला हिंडवून शिकवी, इथपर्यंत आपले, ओढ्यापलीकडे शेजाऱ्यांचे. ते कोकरू मोठे झाले की आपल्या पिलाला तेच शिकवी. या मेंढ्यांनी माझ्यावरचे गवत इतके बारीक राखले होते की उतरत्या उन्हात माझा गोल पार खालच्या दरीतून दिसे.

लोकर कातरण्यासाठी कळप गोळा करायच्या दिवशी दोघे वारा चुकवून माझ्या खोलगट पोटात बसत. मनुका घातलेला ब्रेड खाता खाता मॉस्टिन म्हणे, "हा किल्ला असेल, तर मी इथला राजा."

"मग राजेसाहेब, चहा तुम्हीच ओता," एलुनेड म्हणे.

मॉस्टिन गेला, तेव्हा एलुनेडने त्याची राख माझ्याच पोटात, गवतावर पसरली. त्यानंतर दर रविवारी ती चहा घेऊन वर येई आणि थोडा त्याच्यासाठी ओते. मला कुणी कधी इतके जपले नव्हते.

मग तिचे कंबरेचे हाड मोडले. कार्डिफला राहणारा मुलगा एमरिस तिला घेऊन जायला आला. तिने एकच मागणे मागितले. "घर वीक, जमीन वीक. कळप मात्र जमिनीबरोबरच जाऊ दे. तो आपला नाही रे, डोंगराचा आहे."

एमरिस इथेच वाढलेला, त्याला हे कळत होते. पण नव्या मालकाला या हडकुळ्या मेंढ्या नको होत्या आणि एमरिसला सगळे लवकर आवरायचे होते. त्याने कळप बाजारात पाठवला. नव्या मालकाने गुबगुबीत मेंढ्या आणल्या, पण डोंगर शिकवणारे त्यांच्यात कुणी नव्हते. त्या रोज खाली रस्त्यावर जाऊन उभ्या राहत. शेवटी त्यानेही नाद सोडला.

चरणारे गेले आणि रानटी नेचे आले. दोन-चार उन्हाळ्यांत ते खांद्याइतके वाढले. त्यांची मुळे माझ्या बांधात शिरली, उरलेसुरले दगड त्यांनी सैल केले. मी दिसेनासा झालो.

यंदा ऑगस्टमध्ये एलुनेड आली. एका हातात काठी, दुसरा हात एमरिसच्या खांद्यावर. दोघे किती वेळ नेचे बाजूला सारत हिंडली.

"इथेच कुठेतरी असेल, आई."

"तुझा बाप कुठेतरी नाहीये, एमरिस. वाटीत आहे."

एमरिसची मान खाली गेली. तो म्हणाला, "मला वाटलं, मेंढ्या काय, दुसऱ्या आणता येतील."

"मेंढ्या येतील रे. त्यांना शिकवणाऱ्या आया कुठून आणशील?"

तेव्हा ती माझ्याच बांधावर उभी होती, मित्रांनो. तिची काठी माझ्या मातीत रुतली होती. मी जिवाच्या आकांताने हाक मारत होतो, पण मातीला कुठला आवाज? तिने अंदाजानेच चहा ओतला. तो बांधाच्या बाहेरच्या अंगाला वाहून खंदकात गेला. मॉस्टिन जरा आत होता.

मला बुरूज नको, पाटीही नको. तुमच्या गावाजवळही असा एखादा नाव नसलेला उंचवटा असेल. त्याला ओळखणारी माणसे अजून असतील, तर त्यांच्याबरोबर एकदा तिथे जाऊन या आणि जागा नीट बघून ठेवा. हिवाळ्यात नेचे वाळून आडवे होतात आणि माझा गोल पुन्हा दिसतो. पण हिवाळ्यात एलुनेडला डोंगर चढवत नाही.